बैलगाडीच्या वाटेने घोडा नेता येतो का?

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे घोडे पाळणाऱ्यांची किंवा त्यांच्या शेजाऱ्यांची आहेत, आणि चौघांचेही भांडण वाटेवरून आहे. पुण्याला घोडा परका नाही. शहराचे रेसकोर्स १८३० पासूनचे आहे, पेठांतल्या अनेक वाड्यांना पागा होत्या, आणि अलीकडे मुळशी, मावळ, हवेली भागात शेतजमीन घेऊन तिथे दोन-चार घोडे ठेवणारी किंवा रपेट शिकवणारी मंडळी वाढली आहेत. त्या जमिनीपर्यंत जाणारी वाट मात्र बहुतेक ठिकाणी आजोबांच्या काळात बैलगाडीसाठी पडलेलीच आहे. इंग्लंडमध्ये घोडेस्वारांसाठी ब्रायडलवे म्हणून नोंदलेल्या सार्वजनिक वाटा असतात. आपल्या महसुली दफ्तरात घोड्याच्या वाटेचा असा वेगळा रकाना नाही, त्यामुळे प्रत्येक वाद वहिवाट, कागद आणि साक्षीपुरावा यांवरच सोडवावा लागतो.

प्रश्न : पौडच्या पुढे आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. मुख्य रस्त्यापासून तिथे जायला शेजाऱ्याच्या शेताच्या कडेने सुमारे दहा फुटांची वाट आहे. १९८५ च्या आधीपासून वडील त्या वाटेने बैलगाडी आणि गुरे नेत असत. निम्म्या जमिनीत आम्ही आजही भात आणि लसूणघास घेतो. सहा वर्षांपूर्वी मी तिथे तबेला बांधला. एक घोडी माझी आहे, तीन घोडे ओळखीच्या लोकांचे असून त्यांच्या देखभालीचे पैसे मी घेतो. रविवारी मुले रपेट शिकायला येतात, तेव्हा आठ-दहा मोटारी येतात. दोन महिन्यांपूर्वी शेजाऱ्याने काटेरी तार ओढून वाट चार फुटांवर आणली आणि तोंडाशी फाटक लावून कुलूप घातले. ‘वाट बैलगाडीची होती, तुमच्या धंद्याची नाही,’ असे त्यांचे म्हणणे आहे. तारेचे छायाचित्र सोबत जोडले आहे. मी काय करावे? – एक वाचक, मुळशी तालुका

उत्तर : तुमचे छायाचित्र मी बराच वेळ पाहिले. तारेच्या दुसऱ्या पदराला घोडीच्या मानेच्या केसांचा झुपका अडकलेला आहे आणि त्याखाली खांबाला वाळलेले रक्त दिसते. चार फुटांतून माणूस जाईल, पण लगाम धरलेला मोतद्दार आणि घोडा एकमेकांशेजारून जाऊ शकत नाहीत, आणि बिचकलेला घोडा बाजूला सरकला की तो तारेवरच जाणार. हे आधी लिहिले, कारण पुढच्या उत्तरात काही गोष्टी तुमच्या विरुद्ध जातील. त्या वाचताना ही तार योग्यच होती, असा अर्थ कृपया काढू नका.

आपल्याकडे अशा वाटेच्या हक्काला सुविधाधिकार म्हणतात आणि त्याचा कायदा १८८२ चा आहे. तुमच्या बाबतीत त्याचे कलम १५ महत्त्वाचे आहे. खासगी जमिनीवरून वीस वर्षे शांततेने, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून ये-जा केली, तर तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर हीच मुदत तीस वर्षांची आहे. वडिलांची वर्षे तुमच्या वर्षांत मिळवता येतात, त्यामुळे १९८५ पासूनची वहिवाट सिद्ध झाली, तर वीस वर्षांचा प्रश्न उरत नाही. मात्र ‘वाट पूर्वापार आहे’ एवढे मोघम वाक्य दाव्यात लिहून भागत नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले आहे की, ‘गेली बरीच वर्षे’ या शब्दांवरून वीस वर्षांची वहिवाट सिद्ध होत नाही आणि ती स्वतःच्या माहितीने सांगणारा साक्षीदार लागतो. म्हणून त्या काळी गाडी हाकणारा, भाताची पोती वाहणारा किंवा गुरे राखणारा जो कोणी आज हयात असेल, त्याला आधी शोधा. मी अनेक पक्षकारांना हे सांगतो आणि ते कागदांच्या मागे धावतात. तोवर सत्तरी ओलांडलेला साक्षीदार हातचा जातो.

कागदही लागतीलच. गाव नकाशा आणि गट नकाशा काढा. नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. साधारणपणे गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्ग सव्वाआठ फूट रुंदीचा धरला जातो. नकाशात तुमची वाट असेल, तर अर्धे काम झाले. नसेल, तर दोन्ही जमिनींची जुनी खरेदीखते चतुःसीमेसह वाचा, सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना पाहा, आणि गावच्या वाजिब-उल-अर्जात म्हणजे रूढीच्या हक्कांच्या नोंदवहीत काही लिहिले आहे का, ते ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे विचारा. जुनी उपग्रह छायाचित्रेही उपयोगी पडतात. मात्र ती न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र सोबत लागते.

आता शेजाऱ्याच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो पूर्णपणे पोकळ नाही. सुविधाधिकार कायद्याचे कलम २८ सांगते की, हक्क ज्या हेतूने मिळाला त्या हेतूपुरताच तो असतो आणि एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारचा हक्क आपोआप येत नाही. कलम २९ म्हणते की, ज्याच्या जमिनीसाठी वाट आहे, त्याने आपल्या जमिनीत बदल करून वाटेवरचा भार भरमसाट वाढवू नये. तुमच्या वापराचे या दोन कलमांच्या उजेडात तीन थर पडतात.

पहिला थर शेतीचा. भात, घास, नांगर, बैल, आणि आजच्या काळात बैलगाडीच्या जागी आलेला छोटा टेम्पो. वापराची पद्धत बदलायला कलम २३ मुभा देते, भार वाढला नाही म्हणजे झाले. इथे तुम्ही भक्कम आहात. दुसरा थर तुमच्या स्वतःच्या घोडीचा. वडील त्याच वाटेने बैल आणि गुरे हाकत नेत असतील, तर एक घोडी लगाम धरून नेण्याने शेजाऱ्याच्या जमिनीवर वेगळा भार पडतो, असे मला वाटत नाही आणि तसे म्हणायला तुम्हाला चांगला आधार आहे. म्हणूनच साक्षीदारांनी फक्त ‘गाडी जायची’ असे न सांगता मोकळी जनावरेही जात होती, हे खरे असल्यास, स्पष्ट सांगायला हवे. तिसरा थर लोकांच्या घोड्यांचा, फीचा आणि रविवारच्या मोटारींचा. हा व्यवसाय आहे. सहा वर्षांच्या वापराने त्यासाठी नवा हक्क मिळत नाही, आणि दोन एकर भाताच्या जमिनीसाठी मिळालेल्या वाटेवर आठ-दहा मोटारी आणणे हा वाढीव भार नाही, असे न्यायालयाला पटवणे फार कठीण आहे. घोडे ठेवणे म्हणजे शेतीच, असे अनेकजण गृहीत धरतात. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यात मात्र जनावरांची पैदास हा शेतीचा संलग्न व्यवसाय मानला आहे आणि ‘शेती’च्या व्याख्येतून असे व्यवसाय वगळले आहेत. त्यामुळे रपेटीचा वर्ग शेतीच्या छत्राखाली बसवण्याचा प्रयत्न करू नका.

मग शेजाऱ्याला वाट बंद करता येते का? नाही. कलम ३१ नुसार जादा वापर त्याला आपल्या जमिनीवर अडवता येतो, पण त्या अडवण्याने तुमच्या कायदेशीर वापराला बाधा येता कामा नये. चार फुटांची तार आणि कुलूप यांनी भाताची गाडीही अडते, म्हणून आजच्या स्वरूपात हा अडथळा बेकायदेशीर आहे, असे माझे मत आहे. तरीही कलम ३६ तुमचे हात बांधते: अडथळा स्वतः उचकटून टाकण्याचा अधिकार तुम्हाला नाही. कुलूप तोडू नका, तार कापू नका. एकदा ते केले की फौजदारी तक्रारीत तुम्ही आरोपी होता आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

मुदतींकडे आजच लक्ष द्या. अस्तित्वातली वाट अडवली असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांपुढे दावा करता येतो. तो अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि तुमचे दोन महिने गेले आहेत. हा कायदा शेतीच्या वापरासाठी आहे, तेव्हा अर्जात आपली भातशेती आणि घास पुढे ठेवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ वेगळ्या कामाचे आहे. ज्या शेतकऱ्याला वाटच नाही, त्याला दुसऱ्याच्या बांधावरून ती देण्याचा तो अधिकार आहे, आणि त्या निर्णयावर नाराज असलेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. तुम्ही ‘आम्हाला वाटच नाही’ असे सांगून कलम १४३ चा अर्ज केलात, तर पुढे ‘आमची चाळीस वर्षांची वाट आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगणार? या एका चुकीने चांगली प्रकरणे बिघडलेली मी पाहिली आहेत.

घोडीचा आणि एकूण रुंदीचा प्रश्न मात्र दिवाणी न्यायालयातच सुटेल. तिथे हक्क जाहीर करून मागा, मनाई हुकूम मागा, आणि निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई मिळावी व वाटेची पाहणी करण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमावा, असे स्वतंत्र अर्ज द्या. वीस वर्षांचा काळ दावा दाखल करण्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो, आणि अडथळ्याची जाणीव होऊनही वर्षभर तो मुकाट्याने सोसला, तर वहिवाटीत खंड पडला असे धरले जाते. थांबून राहणे तुम्हाला परवडणार नाही. आजच लेखी नोटीस द्या.

एक वडीलकीचा सल्ला. न्यायालयात जाण्याआधी शेजाऱ्याला सांगा की, रविवारच्या मोटारी मी मुख्य रस्त्यालगत दुसऱ्याची जागा भाड्याने घेऊन तिथेच थांबवीन. त्यांचा खरा राग मोटारींच्या धुळीवर असावा, असे तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावरून वाटते. समेट झाला, तर रुंदी, घोड्यांची संख्या, वेळ, फाटकाची किल्ली कोणाकडे, हे सगळे लिहून दस्त नोंदणीकृत करा. तोंडी समेट पुढच्या पिढीच्या कामी येत नाही.

प्रश्न : माझी जमीन मांजरीच्या बाजूला आहे. शेजारच्या तबेल्यातील घोडे सकाळी फिरवायला नेताना माझ्या मोकळ्या जमिनीतून न्यावेत, अशी परवानगी मी मैत्रीखातर बारा वर्षांपूर्वी तोंडी दिली. आता मला बांधकाम करायचे आहे. ते ‘आमचा हक्क झाला’ म्हणतात. खरे आहे का? – एक ज्येष्ठ वाचक, हवेली तालुका

उत्तर : नाही. बारा वर्षे म्हणजे वीस नव्हेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे परवानगीने केलेली ये-जा ‘हक्क म्हणून’ केलेली नसते. त्यामुळे ती पन्नास वर्षे चालली तरी कलम १५ चा हक्क देत नाही. तुमचे नाते कायद्याच्या भाषेत लायसन्सचे आहे (कलम ५२) आणि सामान्यतः ते मागे घेता येते (कलम ६०). अपवाद लक्षात ठेवा: तुमच्या परवानगीवर विसंबून त्यांनी स्वखर्चाने तुमच्या जमिनीत कायमचे बांधकाम केले असेल, तर परवानगी मागे घेता येत नाही. म्हणून विचारतो, तिथे त्यांनी दगडी फरसबंदी किंवा पाण्याचा हौद बांधला आहे का? नुसता मुरूम पसरला असेल, तर घाबरायचे कारण नाही.

तुमची खरी अडचण परवानगी तोंडी असण्याची आहे, कारण उद्या ते म्हणतील की परवानगी मागितलीच नव्हती. तेव्हा भांडण वाढण्याआधी त्यांना एक सभ्य पत्र पाठवा: ‘आपल्या विनंतीवरून मी अमुक साली घोडे नेण्यास परवानगी दिली होती, अमुक तारखेपासून ती मागे घेत आहे.’ घोड्यांची रोजची फेरी दुसरीकडे वळवायला वाजवी अवधी द्या. दोन-तीन महिने पुरेत. रातोरात खंदक खणू नका. पहाटेच्या अंधारात घोड्याचा पाय त्यात गेला आणि मोडला, तर जनावर बहुधा वाचत नाही, आणि तुम्ही कायद्याच्या आणि माणुसकीच्याही चुकीच्या बाजूला उभे राहाल. परवानगी पुढे चालू ठेवायची असेल, तरीही ती दरवर्षी लेखी द्या.

प्रश्न : कसबा पेठेत आमचा वाडा होता. १९३६ च्या नोंदणीकृत वाटणीपत्रात मागचा भाग व पागा आमच्या पणजोबांकडे आली आणि ‘पुढील वाड्याच्या बोळातून माणसे, गुरे व घोडे नेण्या-आणण्याचा हक्क’ लिहून दिला आहे. आजोबांच्या टांग्याचा घोडा १९८९ मध्ये विकला. तेव्हापासून आम्ही पायी आणि दुचाकीने ये-जा करतो. पुढच्या वाड्याचा पुनर्विकास होत आहे आणि बोळ तीन फुटांचा करणार असल्याचे कळते. घोडेच नाहीत तर हक्कही नाही, असे विकासक सांगतात. आम्हाला मात्र पागेच्या जागी मोटार ठेवायची आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : विकासक निम्मे बरोबर आहेत आणि तुम्ही निम्मे. तुमचा हक्क दस्ताने दिलेला आहे. निव्वळ गरजेपोटी मिळालेली वाट गरज संपली की संपते, पण दस्ताने दिलेली वाट केवळ दुसरी वाट मिळाली म्हणून संपत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हिरो विनोथ प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. दुसरीकडे, कलम ४७ प्रमाणे वाटेसारखा हक्क सलग वीस वर्षे वापरलाच नाही, तर तो नष्ट होतो. शेवटचा घोडा १९८९ मध्ये गेला, म्हणजे घोडे नेण्याचा भाग २००९ मध्ये संपला, असा युक्तिवाद तुमच्याविरुद्ध होईल आणि तो वजनदार आहे. माणसांच्या ये-जाण्याचा भाग मात्र एक दिवसही थांबलेला नाही. दुचाकी तुम्ही पस्तीसहून अधिक वर्षे उघडपणे नेत आहात. परवानगी न मागता नेत असाल, तर तो वेगळा, दीर्घ वहिवाटीचा हक्क म्हणून मांडता येईल.

मोटारीबद्दल आशा कमी ठेवा. ‘घोडे’ या शब्दात ‘वाहन’ वाचता येईल, असे तुमच्या वकिलांनी सांगितल्याचे तुम्ही लिहिता. टांगा बोळातून आत येत होता की टांगा बाहेर ठेवून फक्त घोडाच आत आणत होते, यावर बरेच अवलंबून आहे. बोळाच्या दगडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या आसाची घासलेली खूण असेल, तर पाडकाम सुरू होण्याआधी पट्टी धरून तिची छायाचित्रे काढून घ्या. चौकट एकदा पाडली की तो पुरावा कायमचा गेला.

रुंदीसाठी नगर भूमापनाचा नकाशा आणि दोन्ही मिळकतींची मालमत्ता पत्रके काढा. महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाला वाटणीपत्राची प्रत जोडून हरकत द्या, पण महापालिका तुमच्या खासगी हक्काचा निवाडा करत नाही, हे ध्यानात ठेवा. तो निवाडा शिवाजीनगरच्या दिवाणी न्यायालयात होईल, आणि मनाई हुकूम पाया खणण्याआधी मागायचा असतो. भिंत उभी राहिल्यावर ती पाडून मागणे फार अवघड जाते. दुचाकी आणि माणसे समोरासमोर सुखाने जातील एवढी रुंदी मागा. पूर्ण टांग्याची रुंदी मागून दावा जड करू नका.

प्रश्न : आमच्या कायदेशीर वाटेवर पावसाळ्यात घोड्यांच्या टापांनी गुडघाभर चिखल होतो. दुरुस्ती वाट देणाऱ्याने करायची की आम्ही? लिदीबद्दलही तक्रार असते. – एक वाचक, मावळ

उत्तर : तुम्हीच करायची. कलम २७ नुसार जमीनमालकाने तुमच्या सोयीसाठी काही करणे बंधनकारक नाही; त्याने फक्त अडवायचे नाही. कलम २५ दुरुस्तीचा खर्च वाट वापरणाऱ्यावर टाकते. कलम २४ मात्र तुमच्या बाजूचे आहे: वाट वापरात ठेवण्यासाठी मुरूम टाकणे, चर साफ करणे अशी आवश्यक कामे त्याच्या जमिनीवर जाऊन तुम्हाला करता येतात. ती त्याची कमीत कमी गैरसोय होईल अशा रीतीने आणि झालेले नुकसान भरून देऊन करायची. मृगापूर्वी दोन दिवस आधी त्याला कळवून काम उरकले, तर तक्रारीला जागा राहत नाही. लीद उचलणे हे तुमचेच काम आहे. त्याच्या विहिरीचे पाणी उताराच्या खालच्या बाजूला असेल, तर ती रोज सकाळी उचला आणि वाटेच्या कडेला तिचा ढीग लावू नका. वाटेचा हक्क म्हणजे उकिरड्याचा हक्क नव्हे. त्याला शेणखताची गरज असेल, तर त्याच्या बांधावर तो सांगेल त्या जागी ती टाकून द्यायची तयारी दाखवा. भातखाचराला ती चालते, फक्त आधी कुजू द्यावी लागते.